गाडी कोण चालवणार? बेळगावजवळच्या एका घरातली खरेदी

बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यानं शिनोळीकडं जाताना, महाराष्ट्राच्या हद्दीच्या अलीकडं, एका गावातलं हे कुटुंब. घरात आप्पा आणि आई, थोरला मुलगा, सून आणि दोन नाती, मोठी सात वर्षांची, धाकटी तीन. मुलगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत सुपरवायझर. सून सहा किलोमीटरवरच्या मराठी माध्यमाच्या सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. ऊस आणि भाताची शेती. मुलगी गोव्यात दिलेली, म्हापशाला. घरात एक जुनी सेकंडहँड हॅचबॅक होती. कोरी गाडी पहिल्यांदाच येणार होती, २०२५ च्या दिवाळीला.

मी बरीच वर्षं गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये, ग्राहकाशी बोलणाऱ्या टेबलावर काम केलं. ओळखीतली माणसं गाडी घेण्याआधी विचारायला येतात, तसे हेही आले. या एका घरात आजच्या गाड्यांबद्दलचे जवळपास सगळे प्रश्न एकदम निघाले, म्हणून त्यांच्या परवानगीनं, नाव-गाव वगळून हे सविस्तर लिहितोय. गाडीची कंपनी आणि मॉडेलही वगळलंय. मॉडेलमध्ये कोणत्या व्हेरिएंटला काय मिळतं ते दर काही महिन्यांनी बदलतं, त्यामुळं आजचं नाव उद्याच्या वाचकाच्या कामाचं नाही.

पहिल्या बैठकीत मुलानं मोबाईलमध्ये लिहिलेले प्रश्न वाचून दाखवले. ॲव्हरेज किती? एअरबॅग सहा आहेत का? सनरूफ कुठल्या व्हेरिएंटपासून? स्क्रीन केवढी? इथेनॉलच्या पेट्रोलनं इंजिन खराब होतं का? डिझेल घ्यावं की इलेक्ट्रिक? आप्पांचा प्रश्न एकच होता. "एमएच पासिंग करून मिळतंय काय बघ. चंदगडला पावणे हाईत, त्यांचा पत्ता लावूया." म्हणजे घर कर्नाटकात, पण नोंदणी महाराष्ट्राची. ऑन-रोड बारा लाखांच्या आत बसवायचं ठरलं होतं, त्यातले चार लाख कर्ज.

सून चहा घेऊन आली, ठेवून आत गेली. त्या संध्याकाळी तिला कुणी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही, कारण गाडी मुलासाठी आहे असंच सगळे बोलत होते.

वही

कुणीही विचारायला आलं की मी आधी एक काम सांगतो. दोन-तीन आठवडे घरातल्या सगळ्या फेऱ्या एका वहीत लिहा. कोण गेलं, कुठं, किती किलोमीटर, सोबत कोण, सामान काय, आणि परत आल्यावर गाडी रात्री कुठं उभी राहणार. हे काम बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं. या घरात ते सुनेकडं आलं आणि तिनं ते शिक्षिकेच्या शिस्तीनं केलं.

वहीतून निघालेलं चित्र बैठकीतल्या बोलण्याशी जुळेना. मुलगा उद्यमबागेला मोटरसायकलनं जातो आणि पुढंही जाणार होता. तिलकवाडीतल्या रेल्वे गेटांवरची खोळंबून राहणारी गर्दी आणि कारखान्याजवळची पार्किंगची अडचण यामुळं त्याला गाडी नेणं परवडत नाही. धो धो पावसाचे दिवस सोडले तर तो गाडी बाहेर काढणार नव्हता. रोज गाडी वापरणार होती ती सून. शाळेला जाऊन-येऊन बारा किलोमीटर, जाताना मोठ्या नातीला सोबत घेऊन. आठवड्यातून एकदा आईंना गुडघ्याच्या डॉक्टरांकडं. शनिवारी बाजार. यात महिन्या-दीड महिन्यातून एकदा सगळे मिळून चोर्ला घाटानं गोव्याला, वर्षातून एकदा जोतिबा आणि सौंदत्ती.

बेरीज केली तेव्हा वर्षाला साडेआठ हजार किलोमीटरच्या आसपास आकडा आला. मुलगा पंधरा हजार धरून बसला होता.

तेव्हा मी सुनेला बसवून विचारलं, की वैनी, तुम्हाला काय पाहिजे? तिचं उत्तर माझ्या अजून लक्षात आहे, कारण ते शोरूमच्या कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. "बसल्यावर पुढचं बॉनेट दिसायला पाहिजे. मागं काच पुसायला वायपर पाहिजे. आणि एसीला हातानं फिरवायची बटणं पाहिजेत, चालवताना स्क्रीनवर बोट शोधत बसायला नको." थोडं थांबून म्हणाली, "क्लच नसला तर बरं."

या चार वाक्यांनी पुढचे निम्मे निर्णय झाले.

डिझेलचा आग्रह

मुलाचे मामा निपाणीचे, तंबाखूच्या व्यवसायातले. राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून कोल्हापूर आणि बेळगाव हा त्यांचा रोजचा रस्ता. त्यांच्याकडं डिझेल गाडी आहे आणि ते तिच्यावर खूश आहेत. त्यांचा भाच्याला सल्ला स्पष्ट होता, डिझेलच घे. मामांच्या वापराला डिझेल बरोबरच आहे. भाच्याच्या घरातल्या वापराला ते का बसत नाही, हे समजावून सांगायला मला वेळ लागला. डिझेलचा जुना लौकिक अजून लोकांच्या मनात पक्का आहे आणि मधल्या काळात इंजिनाच्या मागं काय काय जोडलं गेलं ते फारसं कुणी सांगत नाही.

१ एप्रिल २०२० पासून गाडीच्या धुराबद्दलचे बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत एक गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी तिच्यात अडकते. गाळणी भरत आली की गाडी ती काजळी स्वतःच जाळून टाकते. त्यासाठी धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी वेगात पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते. मामांची गाडी हे काम संकेश्वर ते निपाणीच्या दरम्यान कधी उरकते ते त्यांना कळतही नाही. सहा किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत मात्र ते सुरू होतं आणि अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं आणि पुन्हा अर्धवट राहतं. त्या वेळी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑईलमध्ये उतरू शकतं. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्या दिव्याकडं दुर्लक्ष झालं तर गाडी स्वतःची ताकद कमी करते, आणि वर्कशॉपमध्ये आणावी लागते. शाळेच्या फेरीला घेतलेल्या डिझेल गाड्या या कारणानं आमच्याकडं येताना मी पाहिल्यात. त्यांच्या मालकांची काही चूक नसते. त्यांना घेताना कुणी सांगितलेलं नसतं.

पैशांचा हिशेबही मांडला. हिशेबापुरतं पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९० रुपये लिटर धरलं. पेट्रोल गाडीचं खरं ॲव्हरेज १४ आणि डिझेलचं १८. साडेआठ हजार किलोमीटरला पेट्रोल ६०७ लिटर, म्हणजे सुमारे ६०,७०० रुपये. डिझेल ४७२ लिटर, सुमारे ४२,५०० रुपये. वर्षाला बचत अठरा हजार. समोर असलेल्या गाडीत डिझेलचं व्हेरिएंट करासकट सव्वा लाखाहून जास्त महाग पडत होतं. भरपाईला सात वर्षं. मुलाच्या पंधरा हजार किलोमीटरच्या अंदाजानं हेच चार वर्षांत वसूल झालं असतं, आणि मग डिझेलचा विचार करायला जागा होती. किलोमीटरचा आकडा मनानं धरला की निर्णय कसा फिरतो ते इथं दिसतं.

सीएनजीही याच हिशेबात मागं पडलं. फिरती कमी, डिकीतली जागा टाकीनं खाल्लेली, आणि गोव्याला जाताना सहा माणसांच्या घरातलं सामान.

इलेक्ट्रिकबद्दल मनापासून

खरं सांगायचं तर वहीतली फिरती पाहून माझ्या मनात पहिल्यांदा इलेक्ट्रिकच आली. रोज बारा किलोमीटर, रात्री घरी, महिन्याचा बाहेरचा प्रवास मोजका. अशा वापराला इलेक्ट्रिक गाडीसारखी सोयीची गाडी नाही. डीपीएफची भानगड नाही, थंड इंजिनाची झीज नाही, क्लच नाही, आणि जीएसटी ५ टक्के. तीस युनिटच्या आसपासची बॅटरी घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, ३.३ किलोवॅटच्या चार्जरनं रात्रभरात भरते. रोजच्या बारा किलोमीटरला तर रोज लावायचीही गरज नाही.

अडलं ते गाडी उभी करण्याच्या जागेवर. घर जुन्या गल्लीत आहे, दारापर्यंत गाडी येत नाही. ती उभी राहणार गावाबाहेर घरच्या खळ्यावर, आणि खळ्यावर वीज नाही. शेजाऱ्याच्या पंपाच्या जोडणीवरून वायर ओढायचा विचार मुलानं बोलून दाखवला, तो मी लगेच थांबवला. शेतीपंपाची जोडणी वेगळ्या कामासाठी आणि वेगळ्या दरानं दिलेली असते, आणि नीट अर्थिंग नसलेल्या जागी पावसाळ्यात रात्रभर चार्जिंग लावणं जिवाशी खेळ आहे. हेस्कॉमकडून, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडून, खळ्यावर रीतसर मीटर घ्यायला हवा होता, आणि दिवाळी तोंडावर आली होती. इलेक्ट्रिक त्या वर्षापुरती बाजूला ठेवली.

खळ्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. भाताच्या सुगीत खळ्यावर उंदीर येतात. आजच्या गाडीत वायरिंगचं जाळं जुन्या गाडीच्या कितीतरी पट आहे, आणि एक वायर कुरतडली तरी गाडी जागेवर बसू शकते. गाडीखाली उजेड पडेल अशी मोकळी जागा ठेवा, पेंढीच्या गंजीला लागून उभी करू नका आणि इंजिनाखाली जाळी बसवून घ्या, असं सांगितलं.

आपल्याच उसाचं पेट्रोल

इथेनॉलचा प्रश्न आप्पांनी उचलला. त्यांचा ऊस कारखान्याला जातो, आणि बेळगाव जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉलही काढतात. "आमच्याच उसाचं पेट्रोल आमच्याच गाडीला बाधणार हाय काय?" हे त्यांचं वाक्य होतं, आणि त्यात काळजी होती. उसाला दर मिळावा ही इच्छा आणि गाडी टिकावी ही इच्छा, दोन्ही एकाच माणसाच्या आहेत.

२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात सुरू झालं आणि आता जवळपास सगळ्या पंपांवर तेच मिळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या दोनतृतीयांश इतकीच ऊर्जा असते. त्यामुळं २० टक्के मिसळलं की लिटरमागं ऊर्जा साधारण ६ ते ७ टक्क्यांनी घटते. इथेनॉलचं ऑक्टेन जास्त असल्यानं त्यासाठीच जुळवलेलं इंजिन यातला काही भाग भरून काढतं, सगळा नाही. ॲव्हरेज थोडं कमी येणार हे धरून चालावं. नव्या गाडीची रबरी नळी, सील, पंप हे ई-२० ला टिकतील असे बनवलेले असतात. इंधनाच्या झाकणाच्या आतलं लेबल आणि मालकाची पुस्तिका बघून खात्री करावी. आप्पांना मी सांगितलं की नव्या गाडीची काळजी नको, काळजी करायची तर जुन्या हॅचबॅकची करा. तिच्या इंधनाच्या नळ्या आणि सील वर्षातून एकदा तपासून, फुगलेले-तडकलेले भाग बदलून घ्या.

पासिंग आणि दहा लाखांची रेघ

आता आप्पांच्या एमएचकडं येतो. १९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली आणि हा मुलूख ज्या राज्यात गेला, त्याबद्दल आप्पांच्या पिढीच्या मनात काय आहे ते इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. मी त्या भावनेचा आदर करतो. पण नंबरप्लेटचा निर्णय भावनेवर घेतला तर त्याचा त्रास सुनेला होणार होता, कारण रस्त्यात गाडी अडवली तर स्टिअरिंगवर ती असणार.

कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० नुसार मालक जिथं राहतो किंवा जिथं त्याचा व्यवसाय आहे आणि गाडी सहसा जिथं ठेवली जाते, तिथं नोंदणी करायची. दुसऱ्या राज्यात नोंदलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथं ठेवली तर कलम ४७ नुसार नवा नंबर घ्यावा लागतो, म्हणजे इथला करही भरावा लागतो. आणि पावण्यांचा पत्ता खोटा दाखवून नोंदणी करणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर कैदेची तरतूद असलेला गुन्हा आहे. भारत सिरीज, म्हणजे बीएच नंबर, या घराला मिळण्यासारखा होता का? होता. सून सरकारी नोकरीत आहे आणि गाडी तिच्या नावावर घेतली तर ती पात्र ठरते. पण ती सोय बदलीच्या नोकरीसाठी आहे आणि दर दोन वर्षांनी कर भरत राहावं लागतं. तिची दुसऱ्या राज्यात बदली होण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तो विचार तिथंच संपला.

करातला फरक मात्र खरा आहे आणि लोकांना तो का खुणावतो हे समजण्यासारखं आहे. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला आजीवन कर १४ टक्के, दहा ते वीस लाखांना १७ टक्के, आणि त्या कराच्या रकमेवर ११ टक्के उपकर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के. ९ लाख ९५ हजारांच्या गाडीवर कर्नाटकात सुमारे १,५४,६०० रुपये, महाराष्ट्रात सुमारे १,०९,५०० रुपये. पंचेचाळीस हजारांचं अंतर.

ही रक्कम वाचवायची खोटी वाट बंद केल्यावर त्याहून मोठी बचत खऱ्या वाटेवर सापडली, आणि या प्रकरणातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. मुलाला हवं असलेलं सनरूफचं व्हेरिएंट १० लाख २० हजारांना होतं. त्याच्या खालचं, म्हणजे मधलं, ९ लाख ९५ हजारांना. शोरूममध्ये बोलताना फरक २५ हजारांचाच वाटतो, कर्जाच्या हप्त्यात तर तो दिसतही नाही. पण दहा लाखांची रेघ ओलांडली की सगळ्या रकमेवर वरचा दर लागतो. १०,२०,००० वर उपकरासह १८.८७ टक्के, म्हणजे १,९२,४७४ रुपये. खालच्या व्हेरिएंटचा कर १,५४,६२३. कराचाच फरक ३७,८५१, किमतीसकट ६२,८५१. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्यानं आधीच घ्यायचा आयकर, भरावा लागतो, तो आयकर विवरणपत्रात परत मिळतो पण तोवर अडकून पडतो. पंचवीस हजारांचं सनरूफ त्रेसष्ट हजारांना पडत होतं. कागदावर हे आकडे मांडल्यावर मुलगा गप्प झाला, आणि मग त्यानंच विचारलं की खालच्या व्हेरिएंटमध्ये मागचा वायपर आहे का. होता. डिफॉगरही होता.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, त्याचा या घराला चांगला उपयोग झाला. आधीच्या दरानं हीच गाडी दहा लाखांच्या वर गेली असती.

कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्जेस" नावाची ओळ होती, ती काढायला लावली. गाडी ग्राहकाला द्यायची म्हणून वेगळे पैसे घेण्याला आधार नाही. विमा शोरूममधूनच घ्यावा लागेल असंही सांगितलं गेलं, तेही खरं नाही. बाहेरून दर मागवला तेव्हा शोरूमनं आपला दर खाली आणला. इंजिन संरक्षणाचं जादा कलम मात्र मी घ्यायला लावलं. मार्कंडेय नदीला पूर आला की आजूबाजूची शिवारं आणि रस्ते पाण्याखाली जातात. पाणी चढलेल्या गाडीला स्टार्टर मारला तर इंजिनाचं जे नुकसान होतं ते साध्या पॉलिसीत धरत नाहीत.

सुरक्षा: माणूस कुठं बसतो

सहा एअरबॅग होत्या, ते चांगलंच. पण मला जास्त वेळ द्यावासा वाटला तो मागच्या सीटला. या घरात आई धाकट्या नातीला मांडीवर घेऊन बसतात, नेहमीच. मी त्यांना हिशेब सांगितला. पन्नासच्या वेगानं धडकलेली गाडी साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबते. तेरा किलोची पोर त्या क्षणी पावणेदोनशे किलोंहून जास्त ओढ घेते. कुणाच्याही हातात एवढं बळ नाही. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन न लावता नेलं तर कलम १९४-ब खाली एक हजाराचा दंड आहे, पण दंडासाठी कुणी हे करू नये.

भारत एनकॅप ही चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडं सुरू झाली. समोरची धडक ताशी ६४ किलोमीटरनं, बाजूची ५० नं. मोठ्यांसाठी ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी गुण वेगळे दिले जातात. शोरूममध्ये तारे सांगतात, गुण सांगत नाहीत. लहान मुलं असलेल्या घरानं मुलांचे गुण वेगळे बघावेत आणि निकाल कोणत्या व्हेरिएंटना लागू आहे तेही वाचावं. आम्ही तो तक्ता उघडून सुनेला दाखवला. आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन अडकवायचे, हुक सीटच्या फटीत हात घालून प्रत्यक्ष चाचपले, आणि शोरूममध्येच एक बालआसन मागवून बसवून बघितलं. ते बसल्यावर शेजारी आईंना ऐसपैस जागा राहते का, हाही प्रश्न होता. एका गाडीत राहत नव्हती. ती गाडी यादीतून गेली.

वरच्या व्हेरिएंटमधल्या एडासबद्दल, म्हणजे कॅमेरा आणि रडारवर स्वतः ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेबद्दल, मुलाला फार उत्सुकता होती. यंत्रणा चांगली आहे आणि माणसं वाचवते. पण या भागात गाळप हंगाम सुरू झाला की रात्री उसानं भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. अशी आकृती कॅमेऱ्याला ओळखायला अवघड जाते. लेनचे पट्टेही कित्येक ठिकाणी पुसलेले. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं उतरलं की काच आणि कॅमेरा दोन्ही आंधळे होतात. म्हणून दोन गाड्या आम्ही मुद्दाम अंधारात चालवून बघितल्या आणि हेडलाईटचा उजेड कुठवर जातो ते पाहिलं. त्यांच्या उजेडात मोठा फरक निघाला. दिवसाउजेडी शोरूमच्या दारात चक्कर मारून हे कधीच कळलं नसतं.

गिअर

क्लच नको म्हटल्यावर बजेटमध्ये एएमटी बसत होतं. यात गिअरबॉक्स साधाच असतो, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. स्वस्त, दुरुस्तीला सोपं, ॲव्हरेज मॅन्युअलच्या जवळ. गिअर बदलताना एक क्षण थांबल्यासारखं होतं, ते अंगवळणी पडावं लागतं. सुनेला मी चढावर गाडी पूर्ण थांबवायला सांगितली, मग ब्रेक सोडून निघायला. हिल होल्ड असल्यामुळं गाडी मागं आली नाही. पाच माणसं बसवून हीच गोष्ट पुन्हा केली. रिकाम्या गाडीची ट्रायल चढाचं खरं सांगत नाही, आणि ग्राउंड क्लीअरन्सचंही. माहितीपत्रकातला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो, माणसं बसली की तो खाली येतो.

बॉनेटचा पुढचा भाग दिसणं, हा तिचा पहिला प्रश्न, सीटची उंची वर-खाली करणाऱ्या दांड्यानं सुटला. तो दांडा सगळ्यात खालच्या व्हेरिएंटमध्ये नव्हता, मधल्यात होता. मधलं व्हेरिएंट या घराला का योग्य ठरलं, याचं हे दुसरं कारण.

गाडी ताब्यात घेण्याआधी यार्डात जाऊन बघितलं. टायरवरचा चार अंकी आकडा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतो, पाचही टायर ताज्या महिन्यांतले होते. स्टेपनी बारीक आकाराची निघाली. ती लावून ताशी ८० च्या वर जायचं नाही, हे मुलाला आणि सुनेला दोघांनाही चाक बदलून दाखवत सांगितलं. चेसिस नंबर कागदाशी जुळवला. मोबाईलमधलं गाडीचं ॲप सुनेच्या नंबरवर चालू केलं. सेल्समननं सवयीनं मुलाचा नंबर लिहिला होता.

काही महिन्यांनंतर

टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असं मोजल्यावर शाळेच्या फेरीत बारा-तेरा आणि गोव्याच्या प्रवासात सतरा पडतं. जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बरंच कमी, आमच्या हिशेबाच्या जवळ. चोर्ला घाट चढताना एएमटी वळणावर चुकीच्या वेळी गिअर बदलतं अशी मुलाची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. घाटात गिअर हातानं निवडायची सोय वापरायला तो शिकतोय. कुणीतरी बाहेरून जादा एलईडी पट्टी बसवायचा सल्ला दिला होता, तो मी मोडून काढला. वायर कापून जोडलेल्या दिव्यानं विजेच्या भागांची वॉरंटी हातची जाते आणि समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच.

बालआसनाला आईंचा विरोध बरेच दिवस चालला. पोर रडते, मांडीवर गप्प बसते, हे त्यांचं म्हणणं. सुनेनं वाद घातला नाही. आसन काही दिवस घरात ओसरीवर ठेवलं, पोरगी त्यात बसून जेवायला लागली, मग ते गाडीत गेलं. आता आई शेजारी बसून तिचा पट्टा स्वतः लावतात. गावातल्या गावात देवळापर्यंत जाताना अजून कधी कधी मांडीवर घेतात, त्यावरून घरात बोलणं होतं.

खळ्यावर मीटरसाठी हेस्कॉमकडं अर्ज दिलाय. जुनी हॅचबॅक फार दिवस चालणार नाही आणि मुलाची रोजची उद्यमबागेची फेरी पावसात मोटरसायकलनं कठीणच आहे. मीटर आला, खळ्यावर पत्र्याचं छप्पर पडलं आणि अर्थिंग नीट झालं, की दुसऱ्या गाडीचा विचार इलेक्ट्रिकपासून सुरू करायचा असं आप्पांनी स्वतः सांगितलंय.